चार दिवस बंद पंखा

सकाळपासून कोणाला तरी सांगायचंय, म्हणून तुम्हालाच सांगते.

मी प्रयोगशाळेत तांब्याचं एक शिफ बेस संयुग बनवते. ते काही जंतूंची वाढ रोखतं, एवढं तपासणीत दिसलंय. पण त्याची नेमकी रचना कळायला चांगला वाढलेला स्फटिक लागतो, आणि माझे तीनदा बिघडले. दोष माझाच. दर तासाला मी बीकर उचलून बघायची.

सोमवारी आमच्या प्रयोगशाळेतले परिचर मामा वैतागले. "ताई, खुडूक कोंबडीले घडीघडी कायले उठवून राहिल्या? चार दिवस घरी जा. मी आहो ना."

मी दरेकसाला घरी गेले. आज परतले तर खोली भट्टीसारखी तापलेली. मामा कोपऱ्यात वहीने वारा घेत बसलेले, शर्ट घामाने पाठीला चिकटलेला.

"मामा, पंखा काऊन बंद?"

"बीकरले वारा लागते म्हून."

चारही दिवस! बीकरवर त्यांचा दुपट्टा अलगद झाकलेला होता.

"आले का स्फटिक?"

"मले काय ठाव? मी उघडून पाह्यलो नाही. पहिले तुमी पाहा."

दुपट्टा काढला. तळाशी गर्द हिरवे, सुईसारखे, चमकणारे स्फटिक. मला रडूच आलं. मामांनी मात्र उठून आधी पंखा लावला.

प्रबंधात मदत करणाऱ्यांचे आभार मानायची पद्धत आहे. पण कोणी चार दिवस बघितलं नाही, याचे आभार कसे लिहितात? सांगाल का कोणी?