उलट्या पेटीला कुंकू

आमच्या घरात माणसं दोन आणि स्पीकर अकरा. हे वाक्य माझं नाही, नवऱ्याचं आहे, आणि येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला ते चहाच्या आधी ऐकवलं जातं. मी मनावर घेत नाही. कुणाला साड्यांचा नाद असतो, कुणाला भिशीचा, मला जुन्या स्पीकरांचा आहे. तीस वर्षं सावेडीतल्या एका शाळेत गणित शिकवलं, पोरांचा कलकलाट ऐकला. आता निवृत्त झाल्यावर कानांना जरा बरं काही मिळावं, एवढंच माझं म्हणणं. शिवाय नाद स्वस्तातला आहे. जुनी लाकडी खोकी लोक अडगळ म्हणून देऊन टाकतात आणि वर म्हणतात, बरं झालं बाई, जागा झाली!

माझी सगळ्यात लाडकी जोडी मिळाली ती काष्टीला, माहेरी. चुलतभावाकडे गेले होते. गोठ्याशेजारच्या पडवीत दोन पेट्या एकीवर एक ठेवलेल्या दिसल्या. माझ्या काकांनी तरुणपणी हौसेनं घेतलेल्या. गुडघ्याच्या वर येतील एवढ्या उंच, पुढून तपकिरी कापड, कापडाच्या खालच्या कोपऱ्यात पितळी बिल्ला. वरच्या पेटीची मागची फळी एका खिळ्यावर लोंबकळत होती आणि आतून एक कोंबडी माझ्याकडे रोखून बघत होती.

"वहिनी, ही पेटी..."

"आवो वन्सं, हात नका लावू! खुडूक हाय ती. चोच मारंल."

"मला कोंबडी नको, पेटी पाहिजे."

वहिनी माझ्याकडे बघतच राहिली. मग पदर तोंडाला लावून हसत सुटली. "न्या की! लई जुनं हाय ते, कुनी इचारत न्हाई. पन आत्ता कुठं अंड्यावर बसवलीय. पिल्लं निघूस्तवर थांबा, एकवीस दिस."

थांबले. काय करणार! बाविसाव्या दिवशी भावाच्या ओळखीचा टेम्पो कांदे घेऊन नगरला येणार होता, त्यात कांद्यांच्या गोण्यांवर बसून माझ्या पेट्या आल्या. नवरा दारातच उभा होता. "बारावा आणि तेरावा," तो म्हणाला आणि आत निघून गेला. तरी कांदे निवडायला बसला, हेही सांगायला हवं, कारण दोन किलो भेट आले होते.

पेट्यांचं लाकूड खणखणीत होतं, पण आतले कागदी कोन पार गेले होते. कोन म्हणजे स्पीकरचं फुप्फुस. तोच आतबाहेर हलून हवा ढकलतो आणि आपल्याला आवाज ऐकू येतो. कोन बदलणारा माझ्या माहितीतला नगरमध्ये एकच माणूस. जुन्या गावातल्या एका बोळात घराची पुढची खोली म्हणजे त्यांचं दुकान. सगळे त्यांना चाचा म्हणतात, मीही म्हणते. वय पंचाहत्तरीच्या आसपास. मला ते बाई म्हणतात, कारण त्यांच्या मुलीला मी आठवीत गणित शिकवलं होतं. ती आता चाळिशीची आहे, वडिलांजवळच राहते, आणि अजूनही मला बघून ओढणी सारखी करते.

चाचांचं काम बघत बसावं असं असतं. कोनाच्या मधोमध तारेची एक बारीक गुंडाळी असते. ती लोहचुंबकाच्या फटीत अगदी मधोमध उभी राहिली पाहिजे, कुठं केसभर घासली तरी खरखर. ती मध्ये उभी राहावी म्हणून चाचा भोवती फोटोच्या जुन्या निगेटिव्हच्या पट्ट्या सरकवतात, गोंद वाळला की एकेक ओढून काढतात. एका बिस्किटाच्या डब्यात या पट्ट्या ठेवलेल्या. उजेडात धरली तर कुणाच्या तरी लग्नातला नवरा दिसतो, काळ्या दातांचा आणि पांढऱ्या केसांचा. मग पेन्सिल सेल घेऊन स्पीकरच्या दोन टोकांना क्षणभर टेकवायचा. टक! कोन पुढे आला तर सेलचं प्लस आणि स्पीकरचं प्लस जुळलं. मागे गेला तर उलटं. चाचांना ना मीटर लागतो ना कसलं ॲप.

पण त्या दिवशी पेट्या उतरवल्या तेव्हा चाचांचा हात थरथरताना मी बघितला. त्यांनी तो पटकन टेबलाखाली घेतला.

आतून मुलगी म्हणाली, "बाई, तुम्ही तरी सांगा अब्बांना. आता बास करा म्हणावं. मागचे दोन स्पीकर गिऱ्हाइकांनी खरखरतात म्हणून परत आणले. लोक बोलून जातात, ते रात्रभर झोपत नाहीत."

चाचा माझ्याकडे बघून हसले, पण बोलले मुलीला उद्देशून. "ऐक. बाईंची ही जोडी शेवटची. परत आली तर मी स्वतः शटर खाली ओढीन, तुझी शपथ. नाही आली, तर मला बास करा म्हणायचं नाही कुणी."

"कबूल," ती म्हणाली.

मला जरा दडपण आलं. माझ्या हौसेपायी एका माणसाचं दुकान पणाला लागलं होतं. पण चाचांनी दोन आठवड्यांत काम केलं, फळ्या बसवल्या, एकेक पेटी वाजवून दाखवली आणि पेट्यांची पाठ माझ्याकडे फिरवून म्हणाले, "हे बघा बाई. मागे दोन दोन स्क्रू. उजवीकडचा प्लस. लाल ठिपका दिलाय. दोन्ही पेट्यांना सारखं जोडायचं."

"हो हो," मी म्हणाले. गणिताच्या बाईला कुणी प्लस मायनस समजावलं की जसं म्हणतात तसंच.

घरी आणल्यावर मला स्वस्थ बसवेना. दसरा दोन दिवसांवर आला होता. सँडपेपर घेतला, पेट्या घासल्या, पॉलिश मारलं. त्या घासाघाशीत लाल ठिपके गेले. म्हटलं जाऊ द्या, उजवा प्लस, तोंडपाठ आहे. दसऱ्याला सकाळी आमच्याकडे अवजारांची पूजा असते. पुस्तकं, नवऱ्याची स्कूटर, मिक्सर, आणि गेली काही वर्षं माझं तारा डागायचं सोल्डरिंग आयर्न आणि ॲम्प्लिफायर. पेट्याही मांडल्या. एकीचं बूड अजून ओलं होतं, म्हणून नवरा जवळ आला की मी ओरडत होते, "हात लावू नका तिला!" मी पेट्यांच्या मागे बसले होते, तबक हातात होतं. मनात आलं, खुणाही करून टाकाव्यात. दोन्ही पेट्यांच्या उजव्या स्क्रूला कुंकू, डाव्या स्क्रूला हळद. पूजाही झाली, खूणही झाली. स्वतःच्या हुशारीवर मी एवढी खूश झाले की नवऱ्याला फोटो काढायला लावला.

संध्याकाळी पेट्या जागेवर मांडून लाल वायर कुंकवाला, काळी हळदीला जोडली आणि एक जुनं भावगीत लावलं.

काय सांगू! गाणारी बाई जणू भिंतीत शिरली होती. आवाज डावीकडून येतोय की उजवीकडून, कळेना. तबल्यातला डग्गा तर गायबच. नुसती टिकटिक. एकेक पेटी वाजवून बघितली तर दोघी चांगल्या. दोघी एकदम लावल्या की पुन्हा पोकळ. नवऱ्यानं दारातून डोकावून विचारलं, "कोंबडी राहिली का काय आत?" मी ॲम्प्लिफायर बंद केला.

दुसऱ्या दिवशी स्कूटर काढली आणि तडक चाचांकडे. रागात होते. माझा राग आधी येतो आणि अक्कल मागून, हे आमच्या शाळेतही सगळ्यांना माहीत होतं.

चाचांनी शांतपणे ऐकून घेतलं. "एकेकटी चांगली वाजते?"

"वाजते."

"मग लाल काळी उलटी नाही ना झाली?"

"चाचा," मी म्हणाले, आणि आता लिहितानासुद्धा कान तापतायत, "तीस वर्षं गणित शिकवलंय मी. प्लस मायनस मला शिकवू नका."

टेबलाखालचा हात त्यांनी दुसऱ्या हाताने धरला. मग म्हणाले, "बरोबर आहे बाई. हात तर गेलाच होता. कानपण गेला असेल." आत वळून त्यांनी सांगितलं, "येत्या रविवारी आवरायला घेऊ. दुरुस्तीला आलेला तो मंडळाचा स्पीकर पण परत पाठव, न करता."

मुलगी दारात आली होती. तिला जे हवं होतं ते मिळालं होतं, पण तिचा चेहरा काही आनंदी दिसला नाही. मी घरी आले. वाईट वाटत होतं, पण माझं चुकलं असेल असं एकदाही मनात आलं नाही. एकेक पेटी चांगली वाजते म्हणजे कोन चांगले, एवढं आठवीतलं पोर सांगेल. रागावलेल्या बाईला नाही सुचलं.

आमचे हे फोटो काढतात सणाच्या दिवशी आणि घरच्या ग्रुपवर टाकतात आठवड्यानं. रविवारी सकाळी फोटो पडला आणि पाच मिनिटांत काष्टीहून फोन. वहिनी हसू दाबत बोलत होती.

"वन्सं, एक इचारू? तुमच्यात पेटी उलटी पुजत्यात व्हय?"

"उलटी कशानं?"

"आवो बघा की. एकीचा बिल्ला खाली हाय, एकीचा पार वर गेलाय. डोक्यावर उभी केलीया तिला! आमची कोंबडी तरी सरळ बसायची."

मी फोटो मोठा केला. खरंच. ओल्या बुडाची पेटी पॉलिश वाळावं म्हणून मी शीर्षासनात ठेवली होती. उलट्या पेटीचा उजवा स्क्रू म्हणजे सरळ पेटीचा डावा! एका पेटीला कुंकू प्लसवर लागलं होतं आणि दुसरीला मायनसवर. एक कोन हवा पुढे ढकलत होता, त्याच क्षणी दुसरा मागे ओढत होता. दोघांनी मिळून चादर झटकायची तर एक वर उचलणार आणि दुसरा खाली दाबणार, मग चादर कशी फडफडणार?

भिंतीवरच्या घड्याळातला सेल काढला. टक. एक कोन पुढे आला. दुसऱ्या पेटीला टेकवला, तो मागे गेला. त्या पेटीच्या वायरी फिरवल्या आणि तेच गाणं लावलं. गाणारी बाई भिंतीतून बाहेर आली आणि दोन पेट्यांच्या बरोबर मधोमध उभी राहून गायला लागली. डग्गा असा घुमला की नवरा पेपर टाकून आला आणि खाली मांडी घालून बसला. चार मिनिटं एक शब्द बोलला नाही. आमच्या संसारात हे फार वेळा झालेलं नाही.

गाणं संपलं तेव्हा मला आठवलं, आज रविवार.

इतकी लाज मला आयुष्यात वाटली नव्हती, सरळ सांगते. नवरा म्हणाला, "फोन करून सांग." म्हटलं नाही, तोंडावर उर्मटपणा केलाय तर माफीही तोंडावरच. घड्याळ बंदच ठेवून निघाले.

बोळात पोचले तेव्हा शटर अर्धं खाली होतं. मी वाकून आत गेले. फळ्या रिकाम्या. गोंदाच्या बाटल्या खोक्यात, बिस्किटाचा डबा सुतळीनं बांधलेला, मंडळाचा मोठा स्पीकर दाराशी परत जायच्या तयारीत. चाचा स्टुलावर बसून होते, हातात काहीच नव्हतं. आत नळ वाहत होता, भांडी वाजत होती.

"चाचा, पेटी उलटी होती," मी धापा टाकत म्हणाले. "मी उलट्या पेटीला कुंकू लावलं. तुमचं काम बरोबर होतं. तुम्ही विचारलंत तेही बरोबर होतं. आता अशा वाजतात म्हणून सांगू, माझा नवरा गप्प बसला!"

त्यांना आधी काही कळेना. मोबाईलवरचा फोटो दाखवला. त्यांनी तो लांब धरला, जवळ धरला, वरचा बिल्ला बोटानं दाबून बघितला. मग त्यांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतायत की काय. हसत होते.

"मॅथची टीचर," ते म्हणाले आणि डोळे पुसले. "या अल्ला!"

"हसा. हसायचंच काम केलंय मी."

ते हसायचे थांबले. आत भांड्यांच्या आवाजाकडे एकदा बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि हळूच म्हणाले, "बाई, हे परत एकदा सांगा. जरा मोठ्यानं. ती आत आहे."

मी उभी राहिले. तीस वर्षं मागच्या बाकापर्यंत पोचवलेला आवाज होता, तो पुरा लावला.

"चाचांच्या कामात काही चूक नव्हती! चूक माझी होती!"

समोरच्या घराची खिडकी उघडली. आतला नळ बंद झाला. मुलगी ओल्या हातांनी दारात येऊन उभी राहिली, आणि मी तिच्यापुढे हात बांधून उभी होते, गृहपाठ विसरलेल्या पोरासारखी. तिनं माझ्याकडे बघितलं, मग वडिलांकडे.

"अब्बा," ती म्हणाली, "मंडळाचा स्पीकर मग ठेवायचा ना?"

चाचांनी नुसती मान हलवली. तिनं ओढणीला हात पुसले आणि बिस्किटाच्या डब्याची सुतळी सोडायला घेतली.