न्हाणीपर्यंतची बावीस पावलं

माझ्या खाटेपासून अंगणापलीकडच्या न्हाणीपर्यंत बावीस पावलं आहेत. घर बांधलं तेव्हा ती कुणी मोजली नव्हती. आता मी रोज मोजते, आणि बरेचदा मोजणी मधेच अडते.

कंपवात झालाय हे बीडच्या डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा हात थरथरण्याचं मला फारसं काही वाटलं नाही. चहा बशीत सांडतो, तर बशीतूनच प्यावा. पण पुढं पाय अडायला लागले. उठून चालावं असं मनात येतं, अंग पुढं झुकतं, आणि पाय डिंकानं चिकटवल्यासारखे जागच्या जागी. दारात तर हमखास. दोनदा पडले, दोनदा वेळेवर पोचले नाही. मग सूनबाईनं मोठ्या माणसांच्या डायपरचा पुडा आणून कपाटावर ठेवला. त्या पुड्यावर पांढऱ्या केसांच्या एका बाईचं चित्र आहे, तोंडभर हसणारं. तिला कशाचं एवढं हसू येतंय हे मला अजून कळलेलं नाही. मी मनाशी ठरवलं, तो पुडा फोडू द्यायचा नाही. न्हाणीत आपल्या पायांनी जायचं, बाकी काय जाईल ते जावो.

दवाखान्यात व्यायाम घेणारी एक पोरगी होती, माझ्या नातीच्या वयाची. तिनं मला उभं केलं आणि समोर एकसारख्या टाळ्या वाजवायला लागली. म्हणाली, टाळी पडली की पाऊल टाका. मला वाटलं, ही आता फुगडी घालायला लावते की काय. पण काय सांगू, पाय सुटला. एक, दुसरा, तिसरा. दवाखान्याचा वऱ्हांडा मी एका दमात पार केला आणि सूनबाई पिशव्या सावरत मागं पळत आली.

पोरीनं सूनबाईच्या फोनमध्ये टिकटिक घालून दिली. घरी जमिनीवर आडव्या रेघा मारायला सांगितल्या, म्हणजे पाऊल कुठं टाकायचं ते डोळ्यांनाही दिसेल. सूनबाईला रेघ म्हटलं की रांगोळीच सुचते. तिनं हौसेनं खाटेपासून न्हाणीपर्यंत रांगोळीच्या रेघा ओढल्या. मी पहिल्या रेघेशी आले आणि खिळले. रांगोळीवर पाय द्यायचा नाही हे आईनं पाठीत धपाटे घालून शिकवलेलं. फोन म्हणत होता टाक, अंग म्हणत होतं पाप लागेल. शेवटी तिनं ती पुसली आणि निळ्या रंगाचे पट्टे मारले.

पुढच्या खेपेला मी त्या पोरीला विचारलं, हे असं कसं होतं. ती म्हणाली, आपल्या आत चालण्याचा एक ठेका असतो, तो या आजारात बिघडतो. बाहेरून कुणी ठेका धरला तर पाय तो पकडतात. सगळ्यांना जमतं असं नाही, कायम टिकतं असंही नाही. मी विचारलं, मेंढरांमागं चाललं तर?

ती हसली. "चालेल की आज्जी. ठोका सारखा पाहिजे, मग टाळी असो नाही तर मेंढरं."

मी खाली बसले. तिला वाटलं, दमले. मला सासरे आठवले होते.

आम्ही कडा गावाच्या अलीकडच्या वस्तीवरचे मेंढरंवाले. मी लग्न होऊन आले तेव्हा एकोणीस वर्षांची होते आणि स्वतःला फार शहाणी समजत होते. ती नवी नवरी आज भेटली तर मी तिला दारात उभी करणार नाही. जोडवी वाजवत अशी चालायची, जणू सगळा माळ हिच्याच बापाचा. बायकोनं नवऱ्याच्या मागं चालायची रीत होती. मला हळू चालणं जमेना, त्यामुळं मालकांच्या टाचेवर माझा पाय पडायचा आणि त्यांच्या वहाणेचा अंगठा तुटायचा. त्याचीसुद्धा मला फुशारकी.

सासऱ्यांचे हात थरथरत. दारात आले की पाय अडत, आणि मग ते चौकट धरून जागच्या जागी बारीक बारीक पावलं टाकत राहात. मी हापशावर त्यांची नक्कल करायची. रिकामी घागर काखेत, गुडघे वाकवलेले, मान खाली, आणि पाय नुसते घासायचे. बाया पोट धरून हसायच्या. नक्कल अगदी हुबेहूब होती, हे आज मी छातीवर हात ठेवून सांगू शकते. तीच चाल आता मला फुकट मिळाली आहे.

पण हेच सासरे सकाळी मेंढरं सुटली की काठी घेऊन सरळ निघायचे. पुढच्या मेंढ्याच्या गळ्यात घंटा, बाकीच्यांच्या खुरांचा एकसारखा आवाज, आणि त्या आवाजात हा माणूस माळ ओलांडून जायचा. एवढं बघून मी निदान केलं. डॉक्टरकी माझ्या अंगातच होती ना. मालकांना म्हटलं, मामा सोंग करतेत. घरात काही काम सांगितलं की पाय चिकटतेत, रानात जायचं म्हटलं की हरीण. मालकांना पटलं, दिरांनाही पटलं. न पटायला काय झालं, दिसत तर तसंच होतं. मेंढरं धाकट्या दिरांच्या हवाली केली आणि सासऱ्यांना सांगितलं, आता घरी बसा, सोंगं पुरे.

आठेक दिवसांनी ते असेच दारात अडकले होते. मी भाकरीचं टोपलं घेऊन ते बाजूला होण्याची वाट बघत होते. मान वर न करता ते म्हणाले, "पोरी, मला मेंढरात सोड. तितं पाय ऐकतेत."

मी म्हटलं, "तितं ऐकतेत, मंग हितं कावून न्हाई?"

ह्या सवालावर मी लई खूश होते. संध्याकाळी हापशावर तो दोनदा सांगितला. सासऱ्यांना उत्तर ठाऊक नव्हतं, बिचाऱ्यांना कुठून असणार. दोन-अडीच महिन्यांत ते खाटेला लागले आणि थंडीत गेले. उत्तर मला कळायला पन्नास वर्षं लागली. तोवर मालक गेले, दीर गेले. माझं चुकलं म्हणून सांगायचं तरी कुणाला? सूनबाईला सांगितलं, तर ती म्हणाली, जाऊ द्या आत्या, तवा कुणाला काय म्हायीत होतं. तिनं इतक्या पटकन माफ करून टाकलं की मला रागच आला.

टिकटिकीवर माझा उन्हाळा बरा गेला. फोन चंचीत घालून कंबरेला बांधायचा आणि निळ्या पट्ट्यांवरून निघायचं. सूनबाई म्हणायची, आता परळीला वैजनाथाच्या दर्शनाला चालतच जाता का. पावसाळ्यानंतर मात्र कान त्या आवाजाला सरावले की पाय निर्ढावले, कोण जाणे. ठोका येतो, जातो, मी उभीच. डॉक्टरांनी गोळ्या वाढवल्या. गोळीचा असर आहे तोवर थोडं जमतं, उतरला की टाळी वाजवा नाही तर ढोल वाजवा.

गेल्या आठवड्यात दुपारी अंगणाच्या मधोमध असताना फोन वाजला आणि टिकटिक बंद पडली. चाचपडताना तो चंचीतच उचलला गेला, आणि कुठल्या तरी कंपनीची बाई एक दाबा, दोन दाबा म्हणायला लागली. मला चंचीतून फोन निघेना. पुढचा निळा पट्टा समोर दिसत होता, हातभर अंतरावर. मी त्याच्याकडं बघत उभी राहिले आणि लुगडं ओलं झालं.

सूनबाई पिठाचे हात घेऊनच धावत आली. "सकाळी तर चालल्या होत्या की, आत्या."

ती वाईट वाटून बोलली होती. तिच्या मनात काही नव्हतं. तरी माझ्या तोंडून निघून गेलं, "सोंग न्हाई गं."

"म्या कवा म्हनलं सोंग?" असं म्हणून ती माझ्याकडं बघतच राहिली.

मला धुवून, कोरडं करून तिनं खाटेवर निजवलं. न विचारता दार लोटून घेतलं. कपाटावर हात गेला, पुडा फाटल्याचा आवाज आला. मी भिंतीकडं तोंड केलं.

"आत्या, जरा कंबर उचला," ती म्हणाली.

उचलली.