एकोणिसावा फर्मा

तेहतीस वर्षं तिने पुस्तकांच्या कागदाला घड्या घातल्या, पण पुस्तक म्हणून एकही वाचलं नव्हतं. बांधणीच्या कारखान्यात वाचत बसलेली बाई म्हणजे कामचुकार, हे तिनेच नव्या पोरींना शिकवलेलं. "डोळे घडीवर ठेवायचे, अक्षरावर नाही," असं म्हणत ती हातातली, घडी दाबायची हाडाची पट्टी टेबलावर आपटायची. त्या पट्टीवरूनच पोरी तिला पट्टीमावशी म्हणायच्या. तोंडावर मावशी आणि पाठीमागे नुसतं पट्टी.

काम साधं, पण जिकिरीचं. छापखान्यातून मोठाले कागद यायचे. एका कागदावर सोळा पानं, निम्मी सुलटी, निम्मी डोक्यावर उभी. तीन घड्या घातल्या की पानं गुमान ओळीने बसतात. तो झाला एक फर्मा. असे वीस फर्मे एकावर एक लागले की पुस्तक.

यंदा एक जाडजूड कादंबरी आली. गोष्ट सातासमुद्रापलीकडची, व्हिक्टोरिया राणीच्या काळातली. धुकं, घोडागाड्या, गॅसचे दिवे. पहिल्याच फर्म्याची घडी दाबताना तिची नजर एका ओळीवर ठेचकाळली. हातमोजे शिवणारी एक पोर सरदाराच्या मुलाच्या हाताचं माप घेत होती, आणि माप घेऊन झालं तरी त्याने हात मागे घेतला नव्हता.

पट्टीमावशीने कागद उलगडला. दुसरं पान पाठीमागे, पाचवं डोक्यावर उभं. दुसऱ्या कुणाला ते जमलं नसतं. तिच्या हातांना मात्र कुठल्या पानामागे कुठलं येतं ते पाठ होतं.

"मावशी, कागद चाकासारखा काय फिरवताय?" समोरच्या पोरीने विचारलं.

"शाई फुटलीय का बघते."

"शाई बघताना डोळ्यात पाणी येतं होय?"

"तुझ्या घड्या बघून येतं. कोपऱ्याला कोपरा लाव आधी!"

पोरी फिदीफिदी हसल्या. ती मात्र रोज एकेक फर्मा चोरून वाचत गेली. हातमोजेवालीचा नखरा तिला आवडला. सरदाराच्या मुलाला ती मनात शिव्या घालायची, आणि दुसऱ्या दिवशी त्याचीच वाट बघायची. वर्षानुवर्षं वाळत पडलेल्या खोडाला पाणी मिळावं, तसं तिचं झालं. घरी भाकऱ्या भाजतानासुद्धा तिच्या डोक्यात घोडागाडी धावायची. एकच घोर लागला होता. मुलगा पोरीला म्हणाला होता, "थांब, मी वडिलांना सांगतो." सांगतो का मेला?

हा घोर आजचा नव्हता.

तिची विशी सरत होती तेव्हा कागदाच्या कडेने तिचं बोट चिरलं होतं. मालकाचा मुलगा तेव्हा नुकताच कारखान्यात यायला लागला होता. त्याने आपला रुमाल बोटाला बांधला आणि गाठ मारून झाली तरी बोट सोडलं नाही. पुढचं वर्षभर तो तिला नावाने हाक मारायचा, तीही कागदाच्या खोलीचं दार लोटून घेऊन. "थांब थोडी. वडिलांना सांगतो." ती थांबली. मग एका सकाळी घडीच्या टेबलावर जाड, गुळगुळीत कार्डांचा गठ्ठा आला. घडी घालायला तिने पहिलं कार्ड उचललं, तर वर त्याचं नाव होतं आणि खाली कुणा दुसरीचं. पाचशे कार्डं होती. तिने पाचशेच्या पाचशे दुमडली. एकाचाही कोपरा हलला नाही. पुढे घरी स्थळं आली तेव्हा "मला नाही करायचं" एवढंच म्हणाली. आता ती धाकट्या भावाच्या घरी मागच्या खोलीत राहत होती.

अठराव्या फर्म्याच्या शेवटी मुलगा बापाच्या दाराशी उभा होता, दाराच्या मुठीवर हात ठेवून. त्याच दिवशी जुळवणी होती. लांब टेबलावर वीस गठ्ठे क्रमाने मांडायचे आणि बायकांनी फेऱ्या मारत एकेक फर्मा उचलत जायचा. गठ्ठे मांडायचं काम पट्टीमावशीचं. तिने एकोणिसाव्याचा गठ्ठा वाचायला म्हणून स्टुलाखाली ढकलला, आणि त्या रिकाम्या जागी न बघताच अठराव्याचा दुसरा गठ्ठा ठेवून दिला. फर्म्यांच्या पाठीवर काळ्या खुणा असतात, त्या जिन्यासारख्या उतरल्या पाहिजेत. एक पायरी चुकली तर ती दहा हातांवरून ओळखायची. त्या दिवशी पोरी जुडगी पुढे धरत होत्या आणि ती मांडीवरच्या कागदातून मान वर न काढता म्हणत होती, "बरोबर आहे, जाऊ दे."

एकोणिसाव्यात मुलाने दार उघडलं होतं. बापासमोर उभं राहून, आवाज न चढवता, सगळं सांगितलं होतं.

चारशे प्रती शिवून, कापून, पुठ्ठा चढून गेल्या आणि दुकानातून परत आल्या.

मालकाने तिला आत बोलावलं. वडिलांच्या खुर्चीत आता तोच होता, केस पिकलेला, चष्मा कपाळावर.

"मावशी, तुमच्या हातून असं?"

तोही मावशीच म्हणायचा, किती वर्षांपासून ते तिला आठवेना.

"वाचत होते."

"तुम्ही? इतकं काय होतं त्यात?"

"मुलगा बापाला सांगतो का, ते बघायचं होतं."

"मग? सांगितलं?"

"पुस्तकात सांगितलं."

तिला वाटलं, आता तरी चेहऱ्यावर काही हलेल. त्याने चष्मा डोळ्यांवर घेतला आणि समोरची परत आलेली पुस्तकं बघितली.

"तुमचंही वय झालं आता. नजर चुकते. उद्यापासून आराम करा." मग काहीतरी द्यायला हवं म्हणून त्याने ढिगातली वरची प्रत उचलली. "ही न्या. तेवढीच आठवण."

त्याला आठवत नव्हतं. विसरल्याचं सोंग असतं तर बरं, निदान तेवढी लाज तरी असती. ती पुस्तक घेऊन बाहेर पडली. पोरी टेबलाशी खाली माना घालून घड्या घालत होत्या.

घरी ते पुस्तक भावजयीने उचललं आणि तीन दुपारांत संपवलं.

"झकास आहे हो, ताई. मध्ये तीच ती पानं परत आली, मी आपली उलटून टाकली. शेवटी लग्न झालं."

"त्याने बापाला कधी सांगितलं?"

"कुणी?"

"त्या मुलाने."

भावजयीने पुस्तक बाजूला ठेवलं. "सांगितलं असेल की. त्यावाचून काय अडलं? गोष्ट छान आहे."

पट्टीमावशीच्या पिशवीत एकोणिसावा फर्मा होता. तिने तो काढला, भावजयीसमोर धरावा म्हणून दोन पावलं गेलीही. मग वळून स्वयंपाकघरात आली. डब्यांच्या फळीवरचा कागद तेलकट झाला होता. तो ओढून काढून तिने फर्मा उलगडला आणि फळीच्या मापाने दुमडला. हाडाची पट्टी कारखान्यातच राहिली होती, म्हणून घडी नखाने दाबली. कोपऱ्याला कोपरा लागला. मग तिने वर एकेक करून डबे मांडून टाकले.