गोड पाव फुगेना

बेकरीवाल्या काकूंचा साधा पाव कधी फसला नव्हता. गोड पाव मात्र काकांच्या हातचा. झटका आल्यापासून काका अंथरुणावर होते. वाचा गेलेली, उजवा हात लुळा. गिऱ्हाइकं गोड पाव मागून मागून कंटाळली, तेव्हा काकूंनी पदर खोचला.

यीस्ट साखर खाऊन पीठ फुगवतं, एवढं त्यांना ठाऊक होतं. म्हणून सढळ हाताने साखर घातली. पीठ ढिम्म हललं नाही. दुसऱ्या दिवशी आणखी घातली, तर गोळा परातीत नुसता रुसून बसला.

नणंद कॉलेजच्या प्रयोगशाळेत कामाला होती. काकूंनी तिला फोन लावला. "अगं, इतकं खायला घालतेय, तरी उपाशी असल्यासारखं करतंय!"

"वहिनी, यीस्टच्या पेशीला बाहेरची साखर जाणवते. कमी असली की पेशी साखर घट्ट पकडणारी दारं अंगावर बसवते, भरपूर असली की ती दारं काढून सैल पकडीची बसवते. पण साखर फारच झाली, तर पेशीतलं पाणीच बाहेर ओढलं जातं. मग बिचारी आकसते आणि कामधाम सोडून आधी पाणी धरून ठेवायच्या मागे लागते."

"डोळे नाहीत, जीभ नाही. मग कळतं कुणाला?"

"पेशीलाच."

"हो गं, पण तिच्यात कुणाला?"

"ते जाऊ दे. साखर बेताबेताने घालून बघ."

काकू आणखीच गोंधळून काकांच्या खाटेपाशी आल्या. "तुम्ही साखर एकदम घालायचात, की थोडी थोडी?"

काकांनी डाव्या हाताची दोन बोटं दाखवली आणि ओठांपाशी नेली. दोनदा? की तहान लागली? काकूंनी पाणी पाजलं, ते सगळं प्यायले. पुन्हा दोन बोटं. दुसरा पेला पुढे केला, तर तोंड फिरवलं. काकूंचं डोकं चक्रावलं.

शेवटी त्यांनी साखर दोन खेपांत घातली; आधी थोडी, पीठ फुगायला लागल्यावर उरलेली. पीठ सावकाश वर आलं.

ताज्या पावाचा तुकडा दुधात भिजवून त्यांनी काकांना भरवला. काकांच्या डोळ्यांत पाणी आलं. आवडला, की बेकरी आठवली, की घास अडकला? काही उमगेना. त्या पाठ चोळत राहिल्या. मग काकांनी पुन्हा तोंड उघडलं, तेव्हा त्यांनी दुसरा घास भरवला.