एक बोट, दोन बोटं

मेकॅनिकलचा डिप्लोमा झाला आणि मी औष्णिक वीज केंद्रात वर्षभरासाठी अप्रेंटिस लागलो. सकाळी द्वारका चौकातून बस धरायची आणि दिवसभर पंपांच्या गोंगाटात राहायचं. मला काम शिकवायला सायखेड्याचे एक कंत्राटी फिटर होते. वय पंचावन्नच्या पुढे. मी त्यांना काका म्हणायचो. ते लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक पंपाच्या बेअरिंगच्या झाकणावर टेकवत, त्याची मूठ कानाला लावत आणि डोळे मिटून ऐकत. मग म्हणत, "ठीक हाय." मी वहीत 'ठीक' लिहायचो, खाली ते सही करायचे. कॉलेजात कोणी मला असलं काही शिकवलं नव्हतं.

थंड पाण्याचे दोन पंप शेजारी शेजारी होते. एक चालू, एक राखीव. एका सकाळी आधीच्या शिफ्टने पंप बदलला होता आणि ते काकांना सांगायचं माझ्याकडून राहिलं. ते नेहमीच्या पंपापाशी गेले, ऐकलं आणि म्हणाले, "ठीक हाय. मस्त चाललाय."

पंप बंद होता.

मी त्यांचा हात धरून पंपावर ठेवला. त्यांचा चेहरा पडला. डबा खाताना ते म्हणाले, "दोन वर्षं झाली, काय बी ऐकू येत नाय. तोंड बघून समजतो. कोणाला बोलू नको, भाऊ. गेटचा पास काढून घेतील. या वयात कोण ठेवणार मला?" तिथे सगळेच हातवारे करून बोलत, म्हणून कोणाच्या लक्षात आलं नव्हतं.

तेव्हापासून त्यांच्याऐवजी मी ऐकू लागलो आणि त्यांना खूण करू लागलो. एक बोट म्हणजे ठीक, दोन बोटं म्हणजे गडबड. खरखर कशी असते, टकटक कशी, हे ते मला तोंडाने आवाज काढून शिकवायचे. स्वतःला ऐकू न येणारे आवाज ते किती हुबेहूब काढायचे!

वर्ष संपायला तीन आठवडे होते. त्या दिवशी बस चुकली, मी उशिरा पोचलो आणि घाईत स्क्रू ड्रायव्हर नुसता टेकवून एक बोट वर केलं. ऐकलं नाही. दुपारी त्याच पंपाचं बेअरिंग जाम झालं.

साहेबांनी दोघांना केबिनमध्ये बोलावलं. वही उघडून विचारलं, "सकाळी कोणी ऐकलं?"

मला माझं सर्टिफिकेट दिसत होतं. मी मान खाली घातली, म्हणजे काकांना माझं तोंड दिसणार नाही, आणि म्हणालो, "काकांनी. त्यांना ऐकू येत नाही, साहेब."

इतका नीच मी त्याआधी कधी झालो नव्हतो.

बाहेर आल्यावर काकांनी भुवया उंचावून विचारलं. मी एक बोट वर केलं. त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली आणि चहा पाजला.

दुसऱ्या दिवशी गेटवर रखवालदाराने त्यांचा पास काढून घेतला. तोंडाला रुमाल बांधून तो काहीतरी सांगत होता. काकांना काही कळेना. त्यांनी मागे वळून पाहिलं. रांगेत मी उभा होतो.

मी दोन बोटं वर केली.

ते माझ्या बोटांकडे बराच वेळ बघत राहिले. मग माझ्या तोंडाकडे. मागचे लोक ओरडायला लागले, तसे ते बाजूला सरकले, मला आत जायला जागा व्हावी म्हणून.