रेघ पुरी होती

शेलूबाजारच्या स्टँडवर एसटी उभी होती. माझी धाकटी जाऊ कमल खिडकीशी बसली होती, मांडीवर पत्र्याची पेटी. "बाई, तुमी तरी सांगा ना त्याहिले. म्या त्या कार्डाले हात नाही लावला."

तिने हात लावला नव्हता, हे मला माहीत होतं. हात मी लावला होता. मी म्हणाले, "जाय आता. पाहू पुढं." गाडी धनजकडे, तिच्या माहेराकडे गेली.

हे मी नवऱ्यालासुद्धा सांगितलं नाही. तुम्हाला का सांगते? माहीत नाही.

आणीबाणीच्या आधीची गोष्ट. माझा दीर वसंता, कमलचा नवरा, नागपुरात एका कंपनीच्या कॉम्प्युटरवर होता. गणिताची कृती तेव्हा जाड कार्डांवर भोकं पाडून लिहीत. मशीन ती आधी आपल्या भाषेत उतरवून घेई, मग उत्तर काढी. कंपनीने दुसऱ्याच जातीचं मशीन आणलं आणि जुनी कार्डं चालेनात. वसंता सुटीत धरणाच्या पाण्याच्या हिशेबाचा गठ्ठा घेऊन घरी आला, एकेक कार्ड तपासायला.

मी विचारलं, "काहून चालत नाही? भोकं तं तेच."

"वहिनी, जुन्याचं माप पायली, नव्याचं अधोली, निम्मं. पायलीभर दाणे अधोलीत ओतले तं?"

"सांडतात."

"अन् हे मशीन सांडलं म्हणून सांगत नाही. म्हणून मापाचे नऊ कार्ड बदलले."

मला समजलं. कमल मॅट्रिक, तिला समजलं नव्हतं. मग त्याचे वाशीमचे मित्र जेवायला आले, तेव्हा मी त्यांना तेच सांगू लागले — पायली, अधोली. वसंता म्हणाला, "आमची वहिनी चौथी पास इंजिनेर हाय. वहिनी, भाकर पाहा, करपून राह्यली." सगळे हसले.

भाकर करपली नव्हती.

गठ्ठ्याच्या माथ्यावर, सगळ्या कार्डांच्या कडांवरून, तो तिरपी लाल रेघ ओढून ठेवी, म्हणजे कार्डं सांडली तरी क्रम लागतो. नव्या नऊ कार्डांच्या जागी ती रेघ तुटली होती. "तेवढी पुरी करून ठेव," असं तो कमलला म्हणाला. जुनी नऊ माझ्यापुढे टाकली, "हे चुलीत घाला." आणि मित्रांना सोडायला गेला.

मी नवी नऊ चुलीत घातली. जुनी परत बसवली. जागा शोधावी लागली नाही — माथ्यावर लाल खूण होतीच, रेघेला रेघ मिळाली. कमल दौत घेऊन आली, तिला वाटलं, रेघ नवऱ्यानेच ओढली. त्याला वाटलं, बायकोने. एवढा शिकलेला माणूस! रेघ पाहिली, कार्ड वाचलं नाही.

मशीनने कुरकुर न करता सगळं गिळलं आणि भरलेल्या धरणात शून्याच्या खाली पाणी दाखवलं. साहेबाने तो आकडा चारचौघांत वाचला. नोकरी गेली. वसंता जुनी नऊ कार्डं हातात घेऊन घरी आला. शेवटी गठ्ठा कोणाकडे होता? कमलकडे. चौथी पास वहिनीला कार्डाची जागा काय कळणार! "रेघ पुरी होती," एवढंच ती म्हणत राहिली. तो म्हणाला, खोटारडी. पेटी भर.

मी तिथेच होते, भाकरी थापत. एक वाक्य बोलायला किती वेळ लागतो? कमलशी माझं वैर नव्हतं. मी तापात पडले तेव्हा माझी वेणी तिने घातली होती. मला वसंताची मान खाली पाहायची होती — पाहिली, आणि बरं वाटलं. तिच्या पेटीला कडी लागली तेव्हाही ते बरं वाटणं गेलं नव्हतं. असली बाई आहे मी.

वसंताने तिला परत आणलं नाही. शेती करत राहिला आणि तसाच मेला. माझा नवरा त्याच्याही आधी गेला. कमल धनजला भावाच्या घरी आहे. मी शेलूबाजारला.

त्या घरातल्या आता आम्ही दोघीच जिवंत आहोत.