उपवासात सोडलेला फोन

बनुबाई वायदंडेला रडताना कुणी पाहिलं असेल, तर त्यानं पुढं यावं. सांगलीच्या त्या धर्मग्रामात, म्हणजे त्या चर्चच्या सगळ्या मंडळींत, असा माणूस सापडायचा नाही. नवरा गेला तेव्हा पदरात पाच वर्षांची पोर होती, आणि ही बाई त्याच्या मयतीच्या मिस्सेत, चर्चमधल्या त्या उपासनेत, सगळ्यांच्या वरच्या पट्टीत गात होती. बाप्तिस्म्याचं नाव बर्नादेत, पण ते गल्लीच्या जिभेला झेपेना, म्हणून बनुबाई. विश्रामबागेतल्या एका प्रसूतिगृहात तिनं आयाचं काम केलं, ते गुडघ्यांनी साथ सोडली तेव्हाच सोडलं. तिथंही ती हसरीच. बाळंतिणी कळा देताना हिचा हात धरायच्या, आणि ही त्यांना येशूचं नाव घ्यायला लावायची, मग बाई जैन असो की मराठा.

तिचं एक ठरलेलं वाक्य होतं. "क्रूस हसून उचलायचा. रडत उचलला तर त्यो क्रूस न्हाई, नुसतं वझं." हे वाक्य ती प्रसादासारखं वाटायची, समोरच्यानं हात पुढं केलाय की नाही हे न बघता. शेजारच्या सालूबाईचा सिद्धू कृष्णेत बुडाला, तेव्हा तिसऱ्या दिवशी बनुबाई तिच्या दारात उभी. सालूबाई ऊर बडवत होती. बनुबाईनं तिचे दोन्ही हात धरले आणि म्हणाली, "पूस डोळं. देवानं तुला क्रूस दिलाय, त्याच्या म्होरं असं त्वांड करत्यात व्हय? हास बघू." सालूबाईनं डोळे पुसले. हसली नाही, पण त्या दिवसापासून बनुबाईसमोर कधी रडलीही नाही. ज्याचं जळतं त्याला कळतं, हे तेव्हा बनुबाईला सांगायला कुणी गेलं नाही. सांगितलं असतं, तरी तिनं तेही हसून ऐकून घेतलं असतं.

एवढ्या हसऱ्या बाईचा खरा जीव मात्र एकाच ठिकाणी अडकलेला होता. तिची तेरू. तेरेसा. तेरूचं लग्न विश्वजितशी झालं. मुलगा याच धर्मग्रामातला, पण महाबळेश्वरला टॅक्सी चालवायचा, आई त्याच्याजवळच राहायची. तेरू तिकडं गेली आणि रोज संध्याकाळी फोन सुरू झाला. इकडं जपमाळ संपायची, क्रूसाखालच्या फळीवर ठेवलेला फोन वाजायचा, आणि बनुबाईचा चेहरा असा खुलायचा की तसा वेदीसमोरही खुलत नसे. काय जेवलीस, काय केलंस, सासू काय म्हणाली. त्या वर्षी तर तेरूला दिवस गेलेले. पहिलंच. बनुबाईनं हजार बाळंतपणं पाहिलेली, पण या एकाची वाट बघताना ती पोरीसारखी उतावीळ झाली होती.

राखेच्या बुधवारी, ईस्टरआधीचा चाळीस दिवसांचा उपवास सुरू होतो त्या दिवशी, फादरांनी प्रवचन केलं. फादर तरुण होते, तळमळीनं बोलायचे. म्हणाले, "तुम्ही चहा सोडता, मटण सोडता, आणि ईस्टरला दुप्पट खाऊन हिशोब चुकता करता. देवाला द्यायचं तर असं काहीतरी द्या, जे देताना जिवाला लागेल." कपाळावर राखेचा क्रूस घेऊन बनुबाई बाकावर विचार करत बसली. चहा तिनं कधीचाच सोडला होता. मटण, साखर, झालंच तर टीव्ही, सगळं सोडून झालं होतं, आणि सोडायची सवय झाल्यावर त्यात काही लागण्यासारखं उरलं नव्हतं. मग तिला सुचलं, आणि सुचल्यावर ती हसली. आता या हसण्याला काय म्हणावं? मी तर म्हणेन, तिथंच सैतानानं पाट मांडला.

त्या संध्याकाळी तिनं तेरूला सांगितलं, "आज शेवटचं. ह्या उपवासात मी तुझा फोन सोडलाय. आता ईस्टरच्या रातीला गौरवगीताची घंटा झाली की बोलायचं."

तेरूला आधी थट्टाच वाटली. "आई, त्यापरीस चा सोड की."

"चा कवाच सुटलाय. आता तूच राहिलीस बघ. माझा समदा आनंद तूच हाईस, त्योच देवाला दिऊन टाकला."

पलीकडून तेरू म्हणाली, "बरं. पर लय करमायचं न्हाई मला." तीही त्याच आईची लेक, देवाला दिलेलं मागं मागायचं नसतं, हे तिला दुधाबरोबर पाजलेलं होतं.

पहिल्या रविवारी मिस्सेनंतर ही गोष्ट फादरांच्या कानावर गेली. ते जरा गडबडलेच. "बनुबाई, पोर गरोदर आहे. आणि रविवार उपवासात धरत नाहीत. रविवारी तरी बोला."

"फादर, देवाला दिताना मी सवलत मागत न्हाई," बनुबाई म्हणाली. भोवतालच्या बायका बघतच राहिल्या. फादरांनी पुढं काहीतरी म्हणायला हवं होतं. ते म्हणाले नाहीत, आणि त्याचं त्यांना पुढं जन्मभर वाटत राहणार आहे.

काही आठवडे शांत गेले. मग एका दुपारी फळीवरचा फोन वाजला. तेरू. बनुबाई क्रूसासमोर हात जोडून उभी राहिली आणि फोन वाजायचा थांबेपर्यंत हसत राहिली. जिवाला लागतंय म्हणजेच देवाला पोचतंय, असा तिचा हिशोब. दुसऱ्या दिवशी पुन्हा वाजला, पुन्हा तेच. त्याच संध्याकाळी फोनवर एक निरोप आला, तेरूच्या आवाजातला. तो कसा लावायचा, हे तेरूनंच तिला शिकवलेलं होतं. बनुबाईनं फोन पालथा घातला. ऐकलं काय आणि बोललं काय, सारखंच. चर्चच्या पायरीवर ती बायकांना म्हणाली, "पोरगी बी लय वढ लावतीया. पर मी फोन उचलला न्हाई, निरोप बी ऐकला न्हाई." बायकांनी तोंडाला पदर लावला. त्या कौतुकाची तिला गोडी लागली होती, आणि साखर तर तिनं सोडली होती.

दोनच दिवसांनी फोन आला तो विश्वजितच्या नंबरवरून. तो सोडलेला नव्हता, म्हणून तिनं घेतला.

"मामी, तेरू बोलायचं म्हनतीया. तिला जरा..."

"विश्वजित, फोन कुनाचाबी आसू दे. बोलनार तीच न्हवं? ईस्टरला बोलीन म्हनावं."

"आवं मामी, तिचं काय हाय..."

"मला मोहात पाडू नगासा," बनुबाई म्हणाली आणि फोन ठेवला. विश्वजितच्या गाडीत पुण्याची पाहुणेमंडळी बसली होती, स्ट्रॉबेरीच्या बागा दाखवायच्या होत्या. सुट्ट्यांचा हंगाम, गाडी उभी राहत नव्हती. घरी त्याची आई म्हणत होतीच, की पहिलटकरणीचे पाय सुजायचेच, आमचे नव्हते का सुजले. तोही मग गप्प बसला.

ईस्टरआधीच्या पवित्र गुरुवारी बनुबाई चर्चमध्ये होती. येशूनं शिष्यांचे धुतले तसे संध्याकाळच्या विधीत फादर बारा जणांचे पाय धुणार, त्याची घंगाळं ती घासत होती. विश्वजितचा फोन आला. तिनं ओल्या हातानं उचलला आणि त्याला तोंडच उघडू दिलं नाही. "सांगितलं न्हवं, ईस्टरला?"

"मामी, तेरू गेली."

घंगाळातलं पाणी हलत होतं. बनुबाईनं ते स्थिर होईपर्यंत बघितलं.

सकाळी तिला झटके आले होते. साताऱ्याला न्यायला निघाले, तर घाटात गाड्यांची ही रांग. पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं, बाळ पोटातच. डॉक्टर म्हणाले, रक्तदाब. हे सगळं विश्वजित रडत, तुटक तुटक सांगत होता. बनुबाईनं त्याला मध्येच थांबवलं. आता तिचा आवाज प्रसूतिगृहातला होता.

"पाय सुजलंवतं?"

"व्हय."

"त्वांड?"

"त्ये बी. डोळ्याम्होरं काजवं चमकत्यात म्हनायची. तुमाला इचारायचं, तुमाला इचारायचं, येवढंच धरून बसलीवती."

सुजलेल्या पायावर अंगठा दाबून खळगा किती वेळ राहतो, हे बघत तिनं उभी हयात काढली होती. अशा कितीतरी बायकांना तिनं आल्या पावली डॉक्टरांपुढं उभं केलं होतं. स्वतःच्या लेकीचा फोन मात्र तिनं नुसता वाजू दिला होता, आणि त्याला पंधरा दिवस झाले होते.

मयत सांगलीला आणली, तेरूच्या बापाशेजारी पुरायला. पण तो दिवस शुभ शुक्रवार. त्या दिवशी मिस्सा होत नाही, मयताचीही नाही. घंटाही गुरुवारी मुक्या होतात त्या थेट शनिवारी रात्री बोलतात. तेरूसाठी लाकडावर लाकूड आपटून खट खट केलं, तेवढंच. फादरांनी प्रार्थना म्हटली. बनुबाईनं मूठभर माती टाकली. डोळे कोरडे ठाक. लोक एकमेकांना म्हणाले, बघा, श्रद्धा असावी तर अशी.

दुपारी तीनला क्रूसाचं आराधन. रांगेनं येऊन लोक क्रूसावरच्या येशूच्या पायांचं चुंबन घेतात, आणि प्रत्येकाच्या मागून पांढऱ्या फडक्यानं ते पाय पुसायचे, हे काम कित्येक वर्षं बनुबाईचं. फादर म्हणाले, "आज राहू द्या. दुसरं कुणी करेल." ती फडकं घेऊन उभी राहिलीसुद्धा. एकेक जण वाकत होता, ती पुसत होती. लाकडाचे पाय, खिळ्याजवळ रंग उडालेला. पुसता पुसता तिचा अंगठा त्या पायावर दाबला जात होता, पुन्हा पुन्हा, खळगा पडतो का बघावा तसा.

सालूबाईची पाळी आली. ती वाकली, चुंबन घेतलं, आणि उठताना बनुबाईच्या तोंडाजवळ तोंड आणून हळूच म्हणाली, "क्रूस हसून उचलायचा, बनुबाई. तूच म्हनलीवतीस. हास बघू."

सिद्धूला जाऊन बरीच वर्षं झाली होती. सालूबाईनं ते वाक्य एवढी वर्षं जपून ठेवलं होतं, आणि आता ते जसंच्या तसं परत केलं. आणि बनुबाई हसली. तोंडाला सवयच ती. मागच्या रांगेनं ते हसू पाहिलं, एक म्हातारी तर तिच्या पाया पडली. सालूबाईनं मात्र मान फिरवली. तिला काही वेगळं बघायचं होतं, ते मिळालं नाही.

विधी संपल्यावर फादर तिला गाठून म्हणाले, "बनुबाई, तिचा निरोप आहे ना फोनवर? ऐका आता. तो त्याग संपला."

"गौरवगीत हुंद्या फादर. शब्द दिलाय." याला भक्ती म्हणा की हट्ट, मला विचाराल तर ती नुसती भीती होती. तिनं आयुष्यभर सगळं क्रूसामागं ठेवलं होतं, तसा हा निरोपही ठेवला.

शनिवारी अंधार पडल्यावर, ईस्टरच्या जागरणाला, चर्चबाहेर अग्नी पेटवला, पास्काची, म्हणजे ईस्टरची मोठी मेणबत्ती आत आली. बनुबाई शेवटच्या बाकावर. विश्वजित दोन बाक पुढं, मान खाली घालून. तेरूचा फोन त्यानं खिशातच ठेवला होता, बंद करायला हात धजावत नव्हता. वाचनं झाली. फादरांनी गौरवगीत सुरू केलं आणि एकदम सगळे दिवे लागले, मनोऱ्यातली मोठी घंटा, वेदीजवळच्या घंट्या, सगळ्या एकदम वाजू लागल्या. लोक मोकळ्या गळ्यानं गात होते. शब्द पाळून झाला होता. बनुबाईनं फोन कानाला लावला आणि दुसरा कान हातानं दाबून धरला.

"आई, उचलू नगंस हां, तुझा उपास मोडंल. मी बोलते, तू नुसतं आयिक. माझं पाय लय सुजल्यात, चप्पल बी चढंना. डोस्कं ठनकतंय. आत्याबाई म्हनत्यात, आसंच आसतंय. मला भ्या वाटतंय. दवाखान्यात जाऊ का गं? तू बोलू बी नगं. नुसता एक मिसकॉल दे. वाजला की मी समजंन, आई जा म्हनली."

गौरवगीत संपलं. घंटा एकेक करून थांबल्या आणि लोक गुडघे सावरत खाली बसू लागले. त्या शांततेत दोन बाक पुढं विश्वजितच्या खिशात तेरूचा फोन एकदा वाजला आणि बंद झाला. त्यानं तो बाहेर काढून बघितला. पडद्यावर 'आई' असं आलं होतं.